वास राहिला पाहिजे

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या बंद डिस्टिलरीत दोनच माणसं नेमानं येत होती. एक मुक्ता, तिथल्या प्रयोगशाळेतली केमिस्ट. दुसरे त्रिंबकराव, उत्पादन शुल्क खात्याचे साहेब. ऊस नव्हता म्हणून गाळप नव्हतं, गाळप नव्हतं म्हणून मळी नव्हती, आणि मळीच नसली की डिस्टिलरी म्हणजे नुसती पत्र्याची सावली. पण कारखाना चालू असो की बंद, दारूच्या टाक्यांच्या कुलपांवर सरकारची नजर असावी लागते, म्हणून त्रिंबकराव यायचे. मुक्ता यायची ती घरी बसवत नव्हतं म्हणून.

मुक्ता पालीच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. बिंदुसरेचं धरण त्यांच्या वस्तीवरून दिसायचं, आणि त्या वर्षी धरणाच्या तळातल्या भेगाही दिसायच्या. आई भिवराबाई आणि बाप धर्मराज, दोघंही ऊसतोडीला जाणारी. दसरा सरला की कोयता घेऊन पश्चिमेकडं निघायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचं, यात त्यांची उभी हयात गेली. मुक्ता लहानपणी त्यांच्याबरोबर पाचटाच्या खोप्यांतून हिंडली. पुढं वसतिगृहात राहिली, अंबाजोगाईला बी.एस्सी. झाली आणि जिल्ह्यातल्याच कारखान्यात लागली. आईबापानं ऊस तोडायचा आणि लेकीनं त्याच्या मळीचा अर्क काढायचा, अशी वस्तीवर थट्टा चालायची. धर्मराजला ती थट्टा आवडायची.

तिचं काम नाकाचं होतं. कच्च्या अर्काला मळीचा, यीस्टचा, सडक्या केळाचा असे नाना वास असतात. ते एकेक करून काढून टाकायचे आणि अर्क पाण्यासारखा निर्मळ करायचा. नमुना हाताच्या तळव्यावर चोळून ती नाकाशी नेई आणि कुठला वास राहिला ते सांगे. तिनं सांगितलं आणि ते चुकलं, असं क्वचित व्हायचं.

मे महिन्यात गेवराईचा भारत नावाचा एक तरुण कारखान्यावर आला. पुण्यात त्याचा बिअर बनवून तिथंच विकायचा छोटा कारखाना होता. डिस्टिलरीत वापरात नसलेल्या दोन स्टीलच्या टाक्या पडून आहेत असं त्याला कळलं होतं, त्या बघायला तो आला होता. टाक्या दाखवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मुक्ता गेली. टाकीचं झाकण उघडल्याबरोबर ती म्हणाली की हिच्यात मागं कुणीतरी फिनेल ओतलेलं दिसतंय, ही नेऊ नका. भारतनं डोकं आत घालून वास घेतला. त्याला काहीच कळलं नाही. मग त्यानं झाकणाचं रबर सोडवून हुंगलं, तेव्हा कुठं त्याला फिनेल लागलं.

चहा पिता पिता त्यानं तिला आपली अडचण सांगितली. आयपीए नावाची एक कडवट बिअर असते. तिचा सगळा जीव हॉप्स नावाच्या फुलांत. ही फुलं वाळवून, दळून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात. कडूपणा त्यांतूनच येतो आणि सुगंधही त्यांतूनच. त्याच्या बिअरला कडूपणा येत होता, सुगंध मात्र यावा तसा येत नव्हता. त्याला नाकाचं माणूस हवं होतं.

"पेला ओठाला लागायच्या आधी वास आला पाहिजे," तो म्हणाला. "तुम्ही करून बघा एकदा. जमलं तर पुण्याला या, काम आहे."

त्यानं पुण्याहून माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं सातू, यीस्ट आणि हॉप्सची पाकिटं एसटीच्या पार्सलनं पाठवली. दोन वेळा करून बघता येईल एवढा तो ऐवज होता.

मुक्तानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्रिंबकरावांना विचारलं. परवानगीशिवाय दारू करायची तिची छाती नव्हती. त्रिंबकराव महिनोन्महिने रिकामे बसून कंटाळले होते. त्यांनी बीडच्या कार्यालयात फोन लावले, आणि प्रयोगशाळेत, आपल्या समोर, एका वेळी एक कॅन भरेल एवढाच नमुना करायची लेखी मुभा आणली. वर म्हणाले की यातला थेंब गेटाबाहेर गेला तर मी ओळख ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. कारखान्याच्या विहिरीला तळ लागला होता. वस्तीवर टँकर यायचा तो एक दिवसाआड, आणि आला की भांडणं घेऊनच यायचा. मुक्तानं घरच्या पिंपातून एक कॅन पाणी मागितलं तेव्हा धर्मराजनं पिंपात किती उरलंय ते वाकून बघितलं. मग म्हणाला, लोक पाण्यासाठी डोकी फोडाया लागलेत आणि आपण त्याची दारू करायची, हे मला काय बरं वाटत न्हाई. मुक्तालाही ते बरं वाटत नव्हतं. पण पाऊस पडला नाही तर कारखाना पुढच्या वर्षीही उघडणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं स्वतः कॅन उचलून सायकलला बांधून दिला.

पहिला डाव तिनं भारतनं सांगितलं तसा खेळला. सातू भरडलं, गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड काढा काढला आणि मोठ्या पातेल्यात तासभर उकळला. थोडे हॉप्स सुरुवातीला, थोडे मधे, बरेचसे गॅस बंद करताना. शेवटी टाकलेल्या हॉप्सचा साऱ्या प्रयोगशाळेत असा घमघमाट सुटला की त्रिंबकराव वर्तमानपत्र ठेवून आत आले. पुण्यात असा काढा गार पाण्याच्या नळीत घालून झटक्यात थंड करतात. इथं नळाला पाणी नव्हतं. तिनं पातेलं तसंच झाकून ठेवलं आणि ते सावकाश निवलं. दुसऱ्या दिवशी पळीनं कॅनमध्ये भरलं, यीस्ट घातलं, आणि कॅन प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

दोन आठवड्यांनी त्याच पळीनं बाटल्यांत काढलं, आणि आठवड्यानं पेला भरला. रंग छान, फेस छान. मुक्तानं तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं. कडुलिंबाचा पाला कुटून काढलेला रस बरा, असा तो कडूजहर. वास विचाराल तर ओल्या पुठ्ठ्याचा. त्रिंबकरावांनी एक घोट घेतला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, नियमाप्रमाणं हे नष्ट करावं लागेल, पण मला यात काही वाईट वाटणार नाही.

मुक्तानं ते बाहेरच्या बाभळीखाली ओतलं. पाणी गेल्याचंच तिला जास्त लागलं. घरी गेली तर जेवली नाही. आईनं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं आणि म्हणाली की आता पुन्हा पाणी मागायचं तोंड नाही मला.

भिवराबाई भाकरी थापत होती. "पहिली पेरणी वाया गेली म्हणून मान्सं दुबार पेरीत न्हाईत का?" ती म्हणाली. "पर तेच बी त्याच वाफश्यावर टाकू नगं. कशानं गेलं ते आदी बघ."

तव्यावरची भाकरी उलटून झाली तरी मुक्ता त्यावरच विचार करत बसली. आणि त्या रात्री नाही, तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या डिस्टिलरीत उभी असताना तिला ते उमगलं. समोर उंच तांब्याचा स्तंभ होता, ज्यात अर्क चढायचा आणि वास सुटे व्हायचे. आजवर तिनं काय केलं होतं? वासाला उष्णता द्यायची, की तो उडतो. जेवढा ताप जास्त तेवढा वास आधी पळतो. हीच तर तिची नोकरी होती. मग हॉप्सचा वासही काही वेगळ्या मातीचा नव्हता. शेवटी टाकलेले हॉप्स प्रयोगशाळेत घमघमले, म्हणजे वास पातेल्यातून निघून खोलीत आला. त्रिंबकरावांच्या नाकात गेला तो बिअरमध्ये कसा राहील? आणि तेच हॉप्स पुढं रात्रभर कढत काढ्यात बसले, त्यांचा सुगंध उडाला आणि मागं कडूपणा तेवढा उतरत राहिला. गार करायला पाणी नव्हतं, म्हणून हे सगळं झालं.

पाणी तर आताही नव्हतं. मग तिनं उलटा विचार केला. काढा झटक्यात गार करता येत नसेल तर हॉप्सनी थांबावं. काढा आपल्या आपण निवू द्यावा, पार उकळीच्या खाली आला, हाताला वाफ सोसेल असा झाला, की मग हॉप्स टाकावेत आणि झाकण घट्ट लावावं. आणि सगळ्यांत सुगंधी वाटा तर तापाला दाखवूच नये. बिअर आंबून शांत झाली की थंड बिअरमध्येच ते हॉप्स भिजत घालावेत.

हे तिनं भारतला फोनवर सांगितलं. तो म्हणाला की थंड बिअरमध्ये घालायची रीत आमच्याकडंही आहे. पण तुम्ही हॉप्स कुठं ठेवलेत? मुक्तानं उरलेलं पाकीट उघडून हुंगलं. मे महिन्यातल्या पत्र्याखालच्या कपाटात राहून गोळ्यांना नासक्या सायीचा वास येत होता. भारतनं दुसरं पाकीट पाठवलं आणि बजावलं की हे गार जागेतच राहिलं पाहिजे.

गार जागा साऱ्या पंचक्रोशीत एकच होती: बायकांच्या दूध सोसायटीची थंड खोली. सोसायटीच्या अध्यक्ष तुळजाबाई. गावातलं देशीचं दुकान बंद व्हावं म्हणून ज्या बायका तहसीलवर बसल्या होत्या, त्यांच्या पुढं तुळजाबाईच होत्या. त्यांच्याकडं बिअरसाठी जागा मागायची म्हणजे वाघाच्या गुहेत शेळी बांधण्यासारखं होतं. सोसायटीच्या कारकुनाला सांगून पाकीट गुपचूप ठेवता आलं असतं. मुक्ता सरळ तुळजाबाईंच्या दारात गेली आणि सगळं खरं सांगितलं.

तुळजाबाईंनी ऐकून घेतलं. पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"यात दारू हाय का?"

"न्हाई आत्या. वाळलेली फुलं हायेत."

"मंग फुलं ठेव. पर दारूचा डबा माज्या खोलीत आला तर दुधाच्या गाडीखाली घालीन. आनी ह्ये काम मला पसंत न्हाई, ते बी ऐकून ठेव."

मुक्ता म्हणाली, ऐकलं. तुळजाबाईंनी पाकीट दोन पिशव्यांत घालून, दुधाला वास लागू नये म्हणून डब्यात बंद करून ठेवलं. मुक्ता निघाली तेव्हा त्यांनी विचारलं की त्या सातूचा चोथा काय केलास. मुक्तानं सांगितलं की पहिल्या वेळचा आईनं म्हशीला घातला, म्हैस भांडं चाटत होती. चारा छावण्यांचे दिवस होते ते. उसाची वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, मिळाली तरी माणसं देव भेटल्यासारखी करत. तुळजाबाई म्हणाल्या, पुढचा चोथा सोसायटीच्या गोठ्यात पाठव. त्यांना दारू नको होती, पण चाऱ्याशी त्यांचं काही वैर नव्हतं.

दुसऱ्या खेपेचा पाण्याचा कॅन धर्मराजनं न मागताच सायकलला बांधून दिला, आणि या वेळी मुक्तानं घाई केली नाही. उकळताना चिमूटभर हॉप्स, फक्त कडूपणाच्या आधाराला. मग गॅस बंद, झाकण बंद. ती स्टुलावर बसून थर्मामीटर बघत राहिली. त्रिंबकरावांनी दोनदा विचारलं की आता टाकायचे का, आणि तिनं दोनदा नाही म्हटलं. पारा ऐंशीच्या खाली आला तेव्हा तिनं हॉप्स टाकले आणि झाकण लावलं. खोलीत या वेळी जेमतेम वास आला. त्रिंबकराव हिरमुसले. मुक्ता मात्र पहिल्यांदाच हसली.

कॅन तिनं मळीच्या पंपाच्या तळघरात ठेवला. दगडी बांधकाम, ऊन कुठून शिरत नाही. वरून ओलं पोतं. पोतं ओलं करायला वेगळं पाणी नव्हतं, म्हणून घरची भांडी विसळलेलं पाणी ती बाटलीत भरून आणायची. आंबणं शांत झालं तशी ती दूध सोसायटीत गेली, तुळजाबाईंच्या हातून अर्धं उरलेलं पाकीट घेतलं आणि तळघरात कॅनचं तोंड जेमतेम किलकिलं करून हॉप्स आत सोडले. बीडच्या एका रसवंतीवाल्याकडून त्रिंबकरावांनी भुश्यात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली होती. ती कॅनभोवती फोडून घातली, म्हणजे गाळ खाली बसेल. बाटल्या भरताना तिनं पळीला हात लावला नाही. नळी बाटलीच्या तळापर्यंत घालून, खळखळ न करता, हळू भरलं. मागच्या वेळी पळीनं ओततानाच हवा शिरली होती आणि राहिलासाहिला वास तिनं मारला होता. पुठ्ठ्याचा वास तिथून आला, हे आता तिच्या ध्यानात आलं होतं.

भारत टाकी न्यायला आला तेव्हा आभाळात ढग होते, पण ते आधीही तीन वेळा येऊन गेले होते. प्रयोगशाळेत चौघंजण होते: भारत, त्रिंबकराव, मुक्ता आणि तिला सायकलवर सोडायला आलेला धर्मराज, जो दारात उभा होता. मुक्तानं बाटली उघडली. पेला भरायच्या आधीच वास टेबलावर पसरला. मोसंबीची साल नखानं सोलावी आणि तिचा तुषार हवेत उडावा, तसा. मागं कच्च्या कैरीचा, आणि तुडवलेल्या हिरव्या गवताचा.

भारतनं पेला नाकाशी धरला आणि पिणं विसरला. मग पेला खाली ठेवून म्हणाला की गेवराईला आमची मोसंबीची बाग होती. मागच्या वर्षी वडिलांनी ती करवतीनं कापली. टँकर लावूनही जगली नाही. बाग तोडली त्या दिवशी रस्त्यापर्यंत असाच वास येत होता.

दारातून धर्मराज आत आला. तो माळकरी, दारूला कधी शिवलेला नव्हता. त्यानं पेला उचलून फक्त वास घेतला आणि परत ठेवला.

भारत नंतर घोट घेऊन म्हणाला की थोडी गढूळ आहे आणि कडूपणा अजून हवा. वास मात्र तो पुण्यात दोन वर्षं शोधत होता. त्यानं मुक्ताला कधी येणार विचारलं. तिनं बापाकडं बघितलं.

धर्मराज म्हणाला, "जा. आमी जल्मभर दुसऱ्याच्या फडात राबलो. तू तुज्या नाकावर जातीस, मला काय वावगं वाटत न्हाई." मग त्यानं भारतला विचारलं, "तिकडं पानी हाय का पर?"

त्या वर्षी पाऊस झाला, आणि चांगला झाला. बिंदुसरा भरली. मुक्ता तोवर पुण्यात होती. भारतच्या कारखान्यात काढा गार करायला धो धो पाणी जायचं ते तिला बघवेना. महिनाभर तिनं त्याच्या मागं लागून ते पाणी दुसऱ्या टाकीत धरायला लावलं. तेच गरम पाणी पुढच्या काढ्याला वापरतात. सातूचा चोथा रोज सकाळी जवळच्या गोठ्यांचे लोक घेऊन जातात. बिअरच्या पाट्यांवर तिचं नाव नसतं, पण टाकी उघडायची की अजून दोन दिवस थांबायचं, हे तिच्याशिवाय कुणी ठरवत नाही. नवी पोरं हॉप्स टाकायची घाई करतात, तेव्हा ती त्यांना स्टूल देते आणि बसा म्हणते.

बीडचा कारखाना दोन वर्षांनी पुन्हा चालू झाला. संचालकांनी तिला बोलावणं धाडलं. ती आली, डिस्टिलरी सुरू करून दिली, नव्या केमिस्ट मुलीला महिनाभर शिकवलं आणि परत गेली. त्रिंबकरावांची बदली परळीला झाली होती. ते सुट्टी काढून गाठ घ्यायला आले आणि विचारून गेले की पुण्यात एखादा पेला फुकट मिळतो का.

भिवराबाई आणि धर्मराज त्यानंतर एकच हंगाम ऊसतोडीला गेले. मग भिवराबाईनं कोयता मोडीत दिला आणि दूध सोसायटीत दोन म्हशींचं खातं काढलं. तुळजाबाईंनी तिला सभासद करून घेतलं, पण मुक्ताच्या धंद्याबद्दल त्यांचं मत काही बदललं नाही. दिवाळीला मुक्ता घरी आली की त्या तिला खरवस पाठवतात आणि निरोप धाडतात की दुसरं काही काम मिळतं का बघ. मुक्ता खरवस खाते, वेलदोडा आधी घातलाय की मागून ते भांडं नाकाशी नेऊन ठरवते, आणि रिकामं भांडं स्वतः परत द्यायला जाते.